पुढच्या काचेतून दिसेल तेवढाच कायदा

गेल्या मे महिन्यात पुण्याहून कोल्हापूरला लग्नाला निघालो होतो. भाड्याची गाडी, पुढे मेव्हणे. मागे मी, बायको आणि दहा महिन्यांच्या मुलाला मांडीवर घेतलेली भाची. बसल्याबसल्या मी पट्टा ओढला, पण तो अडकवायचा कुठे ते सापडेना. "साहेब, बक्कल कव्हरखाली गेलंय," चालक आरशातून बघत म्हणाला, "राहू द्या की. मागचं कोण बघतंय?" कव्हर शिवणाऱ्याने बकलांसाठी फटी ठेवल्याच नव्हत्या. कडेची चेन उघडून, कोपरापर्यंत हात आत घालून एक बक्कल बाहेर काढलं; त्याच्यासोबत बिस्किटाचा चुरा आणि कुणाच्या तरी पोराची खेळण्यातली मोटार आली. चालकाच्या बकलात पट्ट्याऐवजी एक चकचकीत धातूची जीभ खुपसलेली होती, घंटा वाजू नये म्हणून. त्याचा खरा पट्टा खांद्यावर नुसता आडवा टाकलेला. खेड शिवापूरचा टोलनाका जवळ आला की तो एका हाताने पट्टा धरायचा, नाका मागे पडला की सोडून द्यायचा.

"मागचं कोण बघतंय?" हे वाक्य कोल्हापूरपर्यंत डोक्यातून गेलं नाही. सीट बेल्टबद्दलचं आपलं सगळं वागणं, आणि खरं सांगायचं तर आपला कायदाही, त्या एका वाक्यात बसतो. आपण पट्टा लावतो तो अपघातासाठी नव्हे, पोलीसमामासाठी. आणि चौकात उभ्या मामाला पुढच्या काचेतून दोनच माणसं दिसतात.

आधी आकडा सांगतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यांपैकी सीट बेल्ट न लावलेली 16,715. या संख्येची फोड बघण्यासारखी आहे: 8,384 चालक आणि 8,331 प्रवासी. म्हणजे जवळजवळ निम्मे. दंड, जाहिराती, नाकाबंदी हे सगळं चालकाभोवती फिरतं आणि मरणारा दर दुसरा माणूस गाडी चालवत नसतो.

कायदा नाही असंही नाही. नव्या मोटारींत पुढच्या सीटचे पट्टे 1994 पासून सक्तीचे आहेत, आणि मागच्या सीटला पट्टे येऊनही वीस वर्षं उलटली. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 138 वा नियम स्पष्ट सांगतो की गाडी चालू असताना चालकाने, त्याच्या शेजारच्याने आणि मागच्या, पुढे तोंड असलेल्या सीटवर बसलेल्यांनीही पट्टा लावलाच पाहिजे. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात कलम 194-ब घातलं आणि शंभर रुपयांवर असलेला दंड हजारावर नेला. प्रवाशाने पट्टा लावला नसेल तरी चालक दोषी, असंही त्यात आहे. जागेवर तडजोड करताना किती रक्कम घ्यायची ते ठरवायची मुभा मात्र राज्यांना आहे, त्यामुळे कायद्यातला हजार आणि चौकातली पावती यांचा मेळ सगळीकडे बसतोच असं नाही.

हा नियम आपल्या किती पचनी पडला होता हे सप्टेंबर 2022 मध्ये कळलं. 4 तारखेला दुपारी उदवाड्याहून मुंबईकडे येताना पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी दुभाजकाला धडकली. गाडी महागडी, भरपूर एअरबॅगा असलेली. पुढचे दोघे जबर जखमी होऊन वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि त्यांच्यासोबतचे जहांगीर पंडोल गेले. दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. मग दीड महिन्याच्या आत मुंबई वाहतूक पोलिसांनी जाहीर केलं की 1 नोव्हेंबरपासून मागच्या प्रवाशांनाही पट्ट्याची सक्ती. वर्तमानपत्रांनी 'नवा नियम' म्हणून मथळे दिले. नियम जुनाच होता, फक्त तो कुणी वाचला नव्हता.

त्याच्या आठ वर्षं आधी असाच एक धडा मिळून गेला होता. 3 जून 2014 रोजी सकाळी दिल्लीत विमानतळाकडे जाताना गोपीनाथ मुंडे यांच्या गाडीला दुसऱ्या गाडीची धडक बसली. ते मागच्या सीटवर होते, आणि त्यात ते गेले. केंद्रीय मंत्री होऊन जेमतेम आठवडा झाला होता. बीडमध्ये सत्काराची तयारी चालली होती. तेव्हाचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन हे स्वतः डॉक्टर. मागचा पट्टा शोभेचा असतो या गैरसमजाने मित्र गमावला, अशा अर्थाचं ते तेव्हा बोलले होते. महाराष्ट्राने त्या मृत्यूवर घातपाताच्या शंकेपासून सगळ्या चर्चा केल्या. पट्ट्याची चर्चा फार झाली नाही.

मागच्या सीटवर माणूस सुरक्षित, ही समजूत कुठून आली असावी? समोरची सीट आडवी येते म्हणून बहुधा. पण ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी जागच्या जागी थांबते तेव्हा आतला माणूस 50 च्याच वेगाने पुढे जात राहतो. हा वेग दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून, पडल्यावर जमिनीशी जो असतो तेवढा आहे. तिसऱ्या मजल्यावरून पडताना खाली गादीची पाठ आहे म्हणून कुणी निर्धास्त राहत नाही. शिवाय मागचा माणूस एकटा मरत नाही. पट्टा न लावलेला मागचा प्रवासी पुढच्या सीटवर आदळतो आणि पुढच्याला स्टिअरिंग व डॅशबोर्डच्या मध्ये चेपतो. जपानमधल्या अपघातांच्या नोंदींवरचा एक अभ्यास 2002 मध्ये 'लॅन्सेट'ने छापला होता. मागच्यांनी पट्टा लावलेला नसेल तर पुढच्या, पट्टा लावलेल्या माणसाच्या मृत्यूचा धोका सुमारे पाच पट होतो, असं त्यात आढळलं. तेव्हा "माझा जीव, माझी मर्जी" हा युक्तिवाद मागच्या सीटवरून तरी करता येत नाही.

आज आपण जो तीन टोकांचा पट्टा लावतो तो निल्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याचा. आधी तो साब कंपनीत लढाऊ विमानांतून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्यांवर काम करायचा. व्होल्वोत आल्यावर 1959 मध्ये त्याने हा पट्टा दिला. पूर्वीचे पट्टे नुसते पोटावरून जायचे आणि धक्क्यात पोटातलेच अवयव फाटायचे. बोलिनने भार छातीच्या पिंजऱ्यावर आणि कमरेच्या हाडांवर टाकला, म्हणजे शरीराच्या सगळ्यांत दणकट भागांवर, आणि एका हाताने, एका खटक्यात लागेल असा पट्टा केला. पेटंट कंपनीने इतरांना वापरू दिलं. पुढे व्होल्वोने 28,000 अपघातांच्या नोंदी तपासल्या. पट्टा न लावलेले लोक अगदी कमी वेगातही दगावलेले होते, तर पट्टा लावलेल्यांत ताशी 97 किलोमीटरच्या खाली एकही मृत्यू नव्हता. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने 1970 मध्ये जगात पहिल्यांदा पट्ट्याची सक्ती केली. ब्रिटनमध्ये पुढच्यांसाठी 1983 उजाडलं आणि मागच्या प्रौढांसाठी 1991. म्हणजे मागच्या सीटला विसरण्याचा रोग आपल्याकडेच आहे असं नाही. तो बरा करायला इतरांनाही वेळ लागला.

एअरबॅग आहे ना, मग पट्टा कशाला, असं विचारणारे अजून भेटतात. एअरबॅग पट्ट्याची जोडीदार आहे, बदली नव्हे. ती पापणी लवायच्या आत फुगते, ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने समोर येते. पट्ट्याने मागे धरून ठेवलेल्या माणसाला ती उशी असते. पुढे फेकल्या गेलेल्याला ठोसा. गाडी पेटली किंवा पाण्यात पडली तर पट्ट्यात अडकू, ही भीतीही ऐकतो. असे अपघात क्वचित होतात, आणि झालेच तर बाहेर पडण्यासाठी आधी शुद्धीवर असावं लागतं. गरोदर बाईने पट्टा लावू नये हा सल्ला तर घातकच आहे. लावायचाच, खालचा पट्टा पोटावरून न घेता पोटाखालून, मांड्यांच्या सांध्याजवळून, आणि वरचा दोन स्तनांच्या मधून पोटाच्या कडेने.

आता मांडीवरच्या बाळाकडे येतो, कारण या सगळ्या विषयातली सगळ्यांत अवघड जागा तीच आहे.

भाचीने त्या दिवशी बाळाला शालीत गुंडाळून छातीशी धरलं होतं. आईच्या कुशीपेक्षा सुरक्षित जागा कुठली, असं आपल्या हाडीमाशी मुरलेलं आहे; आणि घरात, झोपाळ्यावर, आगगाडीत ते खरंही आहे. मोटारीत नाही. दहा किलोचं बाळ, ताशी 50 चा वेग, आणि गाडीचं नाक चेपून साठेक सेंटिमीटरमध्ये थांबणं: हा साधा शाळेतला हिशेब केला तर त्या क्षणी बाळ धरून ठेवायला सुमारे 160 किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागते. कुठल्याही आईचं, बापाचं, पैलवानाचं ते काम नाही. आईने स्वतः पट्टा लावला नसेल तर तिचं सगळं वजन बाळावर येतं. दोघांना मिळून एकच पट्टा घातला तर बाळ पट्टा आणि आई यांच्या मध्ये चेपतं. तिसरा मार्ग नाही.

"लेकराला खुर्चीत बांधून ठेवायचं म्हणजे काय! रडून रडून निळं होईल. दे इकडे, मी घेते." हे माझ्या मोठ्या वहिनींचं म्हणणं, आणि ते सहज खोडून काढता येईल असं नाही. बाळ खरंच रडतं. पण खुर्चीची रचना कळली तर 'बांधून ठेवणं' हा शब्द मागे पडेल. तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या लांबीच्या चौथा हिस्सा असतं, मान कोवळी. समोर तोंड करून बसलेल्या बाळाचं धड पट्ट्याने अडवलं तरी ते जड डोकं पुढे झेपावतं आणि सगळा ताण मानेवर येतो. म्हणून बाळाला उलटं, म्हणजे गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसवतात. धक्का बसला की डोकं, मान, पाठ सगळं एकदम खुर्चीच्या पाठीत रुततं. ही कल्पना बर्टिल आल्डमन या स्वीडिश डॉक्टरची. जेमिनी यानातले अंतराळवीर उड्डाणाचा जोर पाठीवर झेलत निजतात हे पाहून 1960 च्या दशकात त्याला ती सुचली.

युरोपातल्या नव्या मानकानुसार किमान पंधरा महिन्यांपर्यंत बाळ उलटंच बसलं पाहिजे. जितकं जास्त बसेल तितकं चांगलं. त्यापुढे समोर तोंड, पण खांदे, कंबर आणि मांड्यांमधून येणारा पाच टोकांचा पट्टा. त्याच्याही पुढे, चार-पाच वर्षांनंतर, नुसतं उंच करणारं बैठं आसन. या शेवटच्या पायरीला आपल्याकडे कुणी विचारत नाही, आणि गफलत नेमकी तिथे होते. सहा वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा पट्टा लावला की वरचा भाग गळ्यावर येतो. ते टोचतं म्हणून मूल तो काखेखाली सारतं. खालचा भाग कमरेच्या हाडांवर न बसता पोटावर चढतो, कारण ती हाडं अजून पुरती भरलेली नसतात. धक्क्यात मूल पट्ट्याखालून घसरतं आणि पट्टा आतड्यांत रुततो. साडेचार-पावणेपाच फुटांची उंची होईपर्यंत हे आसन लागतं.

एक गोष्ट मात्र कधीच करायची नाही: उलट्या तोंडाची खुर्ची चालू एअरबॅगसमोर, पुढच्या सीटवर ठेवणं. फुगणारी पिशवी थेट बाळाच्या डोक्यामागे आदळते.

आणि आपला कायदा काय म्हणतो? कलम 194-ब चं दुसरं पोटकलम असं आहे की चौदा वर्षांखालचं मूल 'सुरक्षा पट्ट्याने किंवा बालसुरक्षा आसनाने' बांधलेलं नसेल, तर गाडी चालवणाऱ्याला हजार रुपये दंड. 2019 मध्ये मुलांचं नाव कायद्यात आलं हे चांगलंच झालं. पण या एका ओळीत एक 'किंवा' आहे आणि सगळी गळती तिथून होते. एका वर्षाच्या बाळाला मोठ्यांच्या पट्ट्यात गुंडाळलं तरी शब्दशः कायदा पाळला जातो. वय, उंची, वजन, तोंड कुठे, काहीच नाही. ब्रिटनमध्ये बारा वर्षं किंवा 135 सेंटिमीटर उंची, जे आधी होईल तोवर मुलाला आसन लागतं. अमेरिकेत टेनेसी राज्याने पहिला असा कायदा केला तो 1978 मध्ये अमलात आला, तोही एका बालरोगतज्ज्ञाने पाठपुरावा केला म्हणून. न्यू जर्सीत 2015 च्या कायद्याने दोन वर्षांखालचं आणि तीस पौंडांखालचं बाळ मागे तोंड करूनच बसवणं सक्तीचं केलं. तिथल्या एडिसनमध्ये राहणारा माझा चुलतभाऊ सांगतो की बाळंतपणानंतर घरी सोडताना नर्सने आधी गाडीत खुर्ची आहे का ते विचारलं. तोच भाऊ दिवाळीला आला तेव्हा मुंबई विमानतळावरून पुण्यापर्यंत दीड वर्षाची मुलगी आजीच्या मांडीवर होती. "इथे चालतं," तो म्हणाला. माणूस तोच, मुलगी तीच. द्रुतगती मार्गावरचा वेग तर तिकडच्यासारखाच.

गाड्या सुधारल्या, हे मान्य करायला हवं. 2019 च्या जुलैपासून पुढच्या दोन्ही सीटसाठी घंटा सक्तीची झाली, आणि एप्रिल 2025 पासून नव्या मोटारींत मागच्या सीटसाठीही. ऑक्टोबर 2023 पासून 'भारत एनकॅप' ही गाड्यांना तारे देणारी धडक-चाचणी सुरू झाली. तिच्यात मोठ्यांच्या सुरक्षेला 32 गुण आणि मुलांच्या सुरक्षेला त्याहून जास्त, 49. पण ते गुण दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढ्या बाहुल्या नीट बसवलेल्या खुर्चीत ठेवून मिळतात. पाच तारे बघून गाडी घेणाऱ्या आणि मग सनरूफमधून पोराला बाहेर काढून लोणावळ्याच्या घाटातली हवा दाखवणाऱ्या बापाला ते तारे लागू नाहीत.

घंटेचं आपण काय केलं तेही सांगायला हवं. तिला फसवणाऱ्या त्या चकचकीत जिभा राजरोस विकल्या जात होत्या. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना त्या काढायला लावल्या, तेव्हा 13,118 जाहिराती निघाल्या. आमच्या चालकाने ती कुठून घेतली, मी विचारलं. "गाडी सजवणाऱ्याने फुकट दिली," म्हणाला.

आणि तरीही, मोटारीत बसणारं मूल हे महाराष्ट्रातलं नशीबवान मूल. बाकीची स्कूटरच्या पायरीवर उभी असतात, मोटारसायकलच्या टाकीवर हँडल धरून बसलेली असतात, आईबापांच्या मध्ये चेपून झोपलेली असतात. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याला चालकाशी बांधणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांपासून पुढे हेल्मेट हवं, आणि वेग ताशी 40 च्या वर नको, असा नियम फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे. असं बांधलेलं मूल मी पुण्यात आजवर एकदा पाहिलं. शाळेच्या रिक्षांत दप्तरं बाहेर लटकतात आणि मुलं आत कोंबलेली असतात. जुन्या जीप-सुमोतल्या समोरासमोरच्या बाकांना पट्टेच नाहीत. नियमातली 'पुढे तोंड असलेली सीट' ही अट त्यांना सोडून देते. आणि गावोगावचं वडाप, म्हणजे शेअर जीपची वाहतूक, तर त्या बाकांवरच चालतं.

अंमलबजावणीची गंमत अशी की यंत्रंही मामासारखीच पुढून बघतात. द्रुतगती मार्गावरचे कॅमेरे पट्टा न लावल्याची ई-पावती फाडतात, पण कुणाची? पुढच्या दोघांची. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच बंदी घातली, तरी मागच्या काचांवर पडदे, जाळ्या, फिल्म सगळं असतं. मांडीवरचं बाळ कॅमेऱ्याला दिसत नाही. पोलिसाला दिसलं, तरी रडणाऱ्या बाळासह उभ्या असलेल्या कुटुंबाची गाडी अडवून पावती फाडायचं मन होत नाही, आणि झालं तर बघे त्याच्यावरच चिडतात.

म्हणून नुसत्या दंडाने हे सुटेल असं मला वाटत नाही. भाड्याच्या गाडीत बाळाची खुर्ची कुणी आणायची, ते कायद्यात नाही. दोषी मात्र चालक. तो बिचारा दर फेरीला वेगळ्या वयाच्या मुलासाठी वेगळी खुर्ची डिकीत घालून फिरणार नाही. साधी खुर्चीही सात-आठ हजारांच्या घरात जाते, आणि बाळ ती दीड-दोन वर्षांत ओलांडतं. प्रसूतिगृहांनी खुर्च्या भाड्याने द्याव्यात, खुर्चीची चौकशी लसीकरणाच्या कार्डासोबत व्हावी. आजीला पटवायचं काम पोलिसाचं नाही, बालरोगतज्ज्ञाचं आहे. त्याचं ती ऐकते.

कायद्यात मात्र एक दुरुस्ती तातडीने हवी. त्या पोटकलमातला 'किंवा' काढावा, आणि तिथे वय व उंची लिहावी. सरकारला तेवढं सुचेपर्यंत तुमच्या गाडीचं मागचं कव्हर उचलून बघा. बहुतेक गाड्यांत तिथे तीन बकलं असतात. तिन्ही वर काढून ठेवा, आणि कव्हर शिवणाऱ्याकडून फटी पाडून घ्या.